टिटवीची अंडी, पावशाची हाक आणि कापसाची पेरणी : आजोबांचं किती ऐकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरकडचे एक तरुण शेतकरी विचारतायत की आजोबा आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, एकच सांगतायत, यंदा टिटवीने अंडी उंच बांधावर घातली, कावळ्याने घरटं बाभळीवर न करता आंब्यावर केलं, पावशा पण कधीचा ओरडतोय, म्हणजे पाणी लवकर आणि भरपूर, तर जूनच्या पहिल्याच सरीवर कोरडवाहू कापूस टोबून मोकळं व्हा. यात खरं किती, सायन्स काही आहे का, की सगळं थोतांड?

मी कृषी खात्यात नोकरी केली, आता रिटायर झालो, पण जळगाव-धुळे-नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत बांधाबांधाने फिरलोय आणि पाखरं बघायची खोड तेव्हापासूनची आहे, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी मे महिन्यात कोणी ना कोणी विचारतंच. सरळ उत्तर आधी देऊन टाकतो, भाऊ, पेरणी टिटवीवर करू नका. पण आजोबांना थोतांड वगैरे बोलू नका, त्यांच्या बऱ्याच खुणा कामाच्या आहेत, फक्त त्या खुणा ज्याचं उत्तर देतात तो प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. पाखरं, किडे, गुरं यांच्यातली काही पुढच्या दोन-चार तासांचं सांगतात, एखाद-दुसरं वारं फिरलं एवढं सांगतं, आणि बाकीची बहुतेक पाणी पडून गेल्यावरचं सांगतात. चार महिन्यांचा पाऊस कसा राहील हे यातलं एकही सांगत नाही.

टिटवीपासूनच सुरू करतो कारण खान्देशात सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर आहे. आखाजीला सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्यांचं, साल ठरायचं तेव्हा ओट्यावर हमखास विचारणा व्हायची, टिटवीना अंडा कोठे शेतस, बांधवर का नाल्यामा. बांधावर असली की पाणी जोरात, नाल्यात असली की दुष्काळ. आता प्रत्यक्ष घरटं काय असतं ते बघा. त्याला घरटं म्हणायची पण लाज वाटते, जमीन जरा टोकरलेली, भोवती गारगोट्या, बारीक ढेकळं, शेळीच्या लेंड्या, आणि मधे मातकट रंगाची काळ्या-चॉकलेटी ठिपक्यांची अंडी, पाय पडेपर्यंत दिसणार नाहीत अशी. अंडी बहुतेक वेळा चार, आणि चारही अंड्यांची निमुळती टोकं आतल्या बाजूला वळलेली, कारण तशी ठेवली की कमी जागेत मावतात आणि सगळ्यांना सारखी ऊब मिळते. आता लोकांचा ठोकताळा काय, तर जितकी अंडी टोक खाली करून तितके महिने पाणी. अहो, ती चारच घालते आणि पावसाळा चारच महिन्यांचा! ही खूण चुकणारच कशी? आणि जी खूण कधी चुकूच शकत नाही ती तुम्हाला काही सांगतही नाही. १९७२ च्या दुष्काळात पण तिने चारच घातली असतील.

उंचीचं म्हणाल तर टिटवी मार्चपासून ऑगस्टपर्यंत अंडी घालते, उबायला साधारण २८ ते ३० दिवस लागतात. म्हणजे आखाजीच्या सुमारास दिसलेली अंडी मृग लागेपर्यंत फुटून पिल्लं पायावर पळत असतात, त्या अंड्यांना पुराची भीती कसली. मग ती बांधावर का गेली? कारण बहुतेक वेळा आपणच. वावर नांगरून टाकलेलं असतं, रोटाव्हेटर चाललेला असतो, नदीपात्रात वाळूचे ट्रॅक्टर दिवसरात्र पळतात, मग तिला मोकळी, खडखडीत, चारी बाजू दिसणारी जागा राहते ती बांधाची नाहीतर पडीक टेकाडाची. शहरात तर ती सपाट छतावर पण अंडी घालते, आता तीन मजली स्लॅबवर घातली म्हणून तापीला महापूर येणार असं धरायचं का? आणि एकाच शिवारात एक टिटवी बांधावर असते, दुसरी नाल्याच्या काठी, आजोबांना जी दिसली ती यंदाची खूण झाली. दुसरी कोणी मोजलीच नाही.

बाकी या पाखराचं एक मात्र बघण्यासारखं आहे. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्री असताना अंडी उबवायची गरज नसते, उलट थंड ठेवावी लागतात, तर टिटवी पाटावर किंवा केळीच्या बागेत जिथे पाणी साचलं असेल तिथे जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. दुपारी बांधावर सावलीला बसून बघा कधी, दोघं नर-मादी आळीपाळीने जातात. म्हणजे उन्हाचं, पाण्याच्या जागेचं तिला चांगलंच कळतं, पण ते आजचं ऊन आणि आजचं पाणी, ऑगस्टचं नाही.

कावळ्याचं जास्त लांबवत नाही. काटेरी झाडावर घरटं म्हणजे पाऊस कमी, आंबा-वड अशा डेरेदार झाडावर म्हणजे चांगला, पूर्वेला म्हणजे अमुक, पश्चिमेला म्हणजे तमुक. तुमच्या शिवारात आंबे उरलेत किती आणि बाभळी-निंब किती ते आधी मोजा, कावळा जे झाड आहे त्यावरच बांधणार ना. हल्ली तर तारांचे तुकडे आणून मोबाइल टॉवरवर बांधतात, त्याचा अर्थ कोणत्या पंचांगात बघायचा? एवढं खरं की कावळ्याची विणीची वेळ उन्हाळ्याच्या शेवटी येते, पण ती दुष्काळी सालात पण तेव्हाच येते.

पावशाबद्दल लोक जास्त हळवे असतात. "पेरते व्हा, पेरते व्हा" असा तो ओरडतो, आवाज चढत चढत जातो, एकदा सुरू झाला की रात्री पण थांबत नाही, आणि ऐकताना खरंच वाटतं की हा आपल्यालाच सांगतोय. पण नीट कान दिला तर तो मार्च-एप्रिलपासूनच ओरडत असतो, होळी झाली की थोड्या दिवसात सुरू. त्याचा पेरणीशी काही संबंध नाही, त्याला जोडीदार हवा असतो आणि सातभाई पाखरांची घरटी हवी असतात, कारण त्याची मादी अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळी होते. सातभाई विणीला लागले की हा पण जोरात. ढगाळ, दमट दिवसात ओरडणं वाढतं हे माझ्याही बघण्यात आहे, पण "वाढलं" आणि "सुरू झालं" यात फरक आहे, आणि गावात गप्पा चालतात त्या सुरू झाल्याच्या.

चातक मात्र वेगळं प्रकरण आहे बरं का, आणि पावशा-चातक या दोघांची लोक नेहमी गल्लत करतात. पावशा राखाडी, शिकऱ्यासारखा दिसणारा, तो इथलाच. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, उडताना पंखावर पांढरा पट्टा दिसतो. दक्षिण भारतात काही चातक बारमाही असतात पण आपल्या भागात दिसतो तो आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून नैऋत्येच्या वाऱ्यावर येतो, मेच्या शेवटी-जूनमध्ये. २०२० मध्ये डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटच्या लोकांनी दोन चातकांना सॅटेलाइट ट्रान्समीटर पण बसवले, त्यांचा येण्याजाण्याचा रस्ता कळावा म्हणून. म्हणजे चातक दिसला तर समुद्रावरून वारं आपल्याकडे वहायला लागलंय असं म्हणायला थोडा आधार आहे, सगळ्या पाखरांत मी मानतो तो यालाच. पण वारं आलं म्हणजे पाणी आलं असं नाही, आणि किती येईल हे तर नाहीच. हेच काम आता तुमचा फोन दोन दिवस आधी करतो.

आता तासा-दोन तासाच्या खुणा. इथे जुन्या माणसांच्या नजरेला तोड नाही. साक्री-शिंदखेडा भागातले ठेलारी मेंढपाळ बघा, आभाळात अजून काही दिसत नाही तोवर मेंढरं एका जागी गोळा व्हायला लागतात, चरणं सोडून वाऱ्याकडे पाठ करतात, आणि तो माणूस लगेच बिऱ्हाडावर कापड ओढायला लागतो. गुरं नाक वर करून हुंगतात, शेपट्या उभ्या करून पळतात. यात चमत्कार काही नाही, दमटपणा वाढला की माश्या-डास जास्त चावतात, वारं थांबतं मग एकदम फिरतं, लांब कुठे पाणी पडलं असेल तर ओल्या मातीचा वास वाऱ्यावर येतो आणि जनावराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तेज. पाकोळ्या खाली उडायला लागतात कारण त्यांचं खाणं, बारीक किडे, दमट हवेत खाली येतात. चतुर थवेच्या थवे शेतावर फिरायला लागतात, त्यातली एक पिवळसर जात तर मान्सूनच्या वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडणारी आहे. या सगळ्या खुणा जिथल्या तिथल्या, ताज्या, पुढच्या थोड्या वेळापुरत्या. खळ्यात कांदा किंवा मका उघडा पडलाय, फवारणीचा पंप भरायचा का नाही, एवढ्यासाठी बिनधास्त वापरा. चुकली तरी नुकसान काय, ताडपत्री फुकट टाकली एवढंच. आणि गुरं बिथरली, गडगडाट ऐकू आला तर ती झाडाखाली नेऊन बांधू नका आणि तुम्ही पण झाडाखाली थांबू नका, मृगाच्या आधीच्या पाण्यात आपल्याकडे दरवर्षी विजेने माणसं-जनावरं जातात. फोनमध्ये दामिनी ॲप टाकून ठेवा, विजेसाठी ते गुरांपेक्षा आधी सांगतं.

रावेर-यावल-चोपड्याच्या केळीवाल्यांचं वेगळं दुखणं. जूनच्या सुरुवातीला वादळ येतं आणि घडासकट बाग आडवी होते, तिथे गुरांनी अर्धा तास आधी सांगून उपयोग काय, बागेला टेकू अर्ध्या तासात लागत नाहीत. आणि नंतर हवामान आधारित फळपीक विम्याचा विषय येतो तेव्हा विमा कंपनी तुमच्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा वाऱ्याचा आकडा बघते, तुम्ही काय बघितलं ते नाही.

आता तिसरा प्रकार, पाणी पडून गेल्यावरचा, आणि माझ्या मते शेतकऱ्याच्या सगळ्यात कामाचा. मृगाचा किडा, तो लाल मखमली, पोरं हातावर घेऊन खेळतात तो. लोक म्हणतात हा निघाला म्हणजे पाऊस लागला. तो निघतो कारण पाऊस पडून जमीन भिजलेली असते, वर्षातला बहुतेक काळ तो मातीतच असतो. पंखाच्या उधईचं (वाळवीचं) तेच, दिव्याभोवती गोळा होतात ती संध्याकाळ पाणी पडून गेल्यानंतरची असते. पिवळेजर्द झालेले मोठे बेडूक डबक्यात ओरडतात ते डबकं भरल्यावर. म्हणजे ही खूण उद्याचं काही सांगत नाही, कालच्या पाण्याने जमीन कितपत भिजली ते सांगते, आणि ते पण अर्धवट. कारण किड्याला वरची दोन बोटं माती भिजली तरी पुरते, कपाशीच्या बीला नाही पुरत.

यात एक नवीन भानगड झालीये जी आजोबांच्या काळात नव्हती. या सगळ्या खुणा कोरड्या खान्देशातल्या आहेत, जिथे मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायचा आणि शिवारात ओल नावाला नसायची. आता केळीच्या पट्ट्यात बारा महिने ठिबक चालू, पाट चालू. तिथे बेडूक मे महिन्यात पण ओरडतो. मुंग्या अंडी तोंडात धरून रांगेने निघाल्या की पाणी येणार म्हणतात, आणि खरंच मुंग्या ओलाव्याप्रमाणे अंडी-अळ्या हलवतात, पण बागेतली मुंगी हलते तेव्हा आधी ठिबकची नळी (लॅटरल) बघा, कुठेतरी पाणी ठिबकवणारा ड्रीपर निघालेला असतो. खूण खोटी नाही हो, तिच्या मागचं कारण बदललं.

काही जण मला नक्षत्राच्या वाहनाचं पण विचारतात, मृगाचं वाहन कोल्हा, आर्द्राचं बेडूक, अशा गोष्टी. नावं जनावरांची असली तरी त्यात जनावर कुठेच नाही. सूर्याच्या आणि चंद्राच्या नक्षत्रांचं अंतर मोजून नऊने भागायचं, बाकी जी उरेल त्यावरून वाहन, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. अख्ख्या महाराष्ट्राला एकच उत्तर. नवापूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडतं, शिंदखेड्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास, दोघांना बेडूक एकच. शेजारी बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला आखाजीला पाऊस-पिकाच्या भाकितासाठी घटमांडणी होते, तिकडे पण आपले लोक कान लावून असतात, त्यात तर धान्य आणि घट, पाखरू पण नाही. श्रद्धा म्हणून जा, त्याला माझी ना नाही, पण बियाण्याच्या पिशव्या त्यावर फोडू नका.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, पहिल्या सरीवर कापूस लावायचा का. २०२५ चं साल आठवा. मान्सून केरळात २४ मेलाच आला, नेहमीची तारीख १ जून, २६ मेला मुंबईत, आणि राज्यात बऱ्याच ठिकाणी मेमध्येच दणकून पाणी झालं. जमिनी भिजल्या, किडे निघाले, बेडूक ओरडले, आजोबा मंडळींच्या सगळ्या खुणा एकदम जमून आल्या. आणि मग मान्सूनची रेषा मुंबई-अहिल्यानगर-आदिलाबाद अशी जाऊन अडकली ती जूनच्या मध्यापर्यंत हललीच नाही, आपण त्या रेषेच्या वर. मेच्या ओलीवर ज्यांनी घाई केली त्यांनी ते पंधरा-वीस दिवस कसे काढले ते त्यांनाच विचारा. त्याच्या आधी २०२३, ऑगस्ट महिना देशभराच्या नोंदीत १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. ते एल निनोचं साल होतं, म्हणजे कारण पॅसिफिक महासागराच्या पाण्यात, तिथलं तापमान अमळनेरच्या कावळ्याला आखाजीला कुठून कळणार?

खात्याची शिफारस जुनीच आहे आणि अजून तिला पर्याय नाही, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल उतरल्याशिवाय पेरू नका. हा आकडा गावातल्या अंदाजाने धरू नका, पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा साधा पर्जन्यमापक वावरात उभा करा, नाहीतर मंडळाचा आकडा बघा, पण मंडळाचं केंद्र आणि तुमचं वावर यात कधी कधी एक ढग पडतो आणि एक नाही. मग फावड्याने एका जागी सहा-आठ इंच खोदायचं, खालची माती मुठीत दाबायची, गोळा झाला आणि हात ओला लागला तर ठीक, भुगा झाला तर थांबायचं. हलक्या मुरमाड जमिनीत तर जास्तच थांबायचं, तिथे ओल चार दिवसात उडते. बीजी-२ (बीटी) कापसाच्या बियाण्याची पिशवी २०२५ ला ९०१ रुपयाला होती, एकरी दोन पिशव्या धरा, वर मजुरी, आणि दुबार पेरणी म्हणजे ते सगळं परत, शिवाय हंगाम गेला तो वेगळाच. धूळपेरणीवाले म्हणतील की आम्ही कोरड्यातच टाकतो आणि जमतं, जमतं पण, काळ्या भारी जमिनीत, ज्याच्याकडे एक पाणी द्यायची सोय आहे त्याला. कोरडवाहूवाल्याने त्याची नक्कल करू नये. आणि जून लागायच्या आधी लावलेल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीला लवकर फुलं-पात्या आयत्या मिळतात, ते दुखणं पुढे अख्ख्या शिवाराला भोवतं.

आजोबांचं काय करायचं म्हणाल, तर त्यांना वही द्या. खरंच सांगतो. खूण दिसली ती तारीख, कुठे दिसली, आणि पुढे किती दिवसात किती मिलिमीटर पाणी झालं. पण यातली गोम अशी की खूण दिसली आणि पाणी नाही आलं हे पण लिहायचं, आणि खूण काहीच नव्हती तरी पाणी आलं हे पण. माणूस जमलेलं लक्षात ठेवतो, न जमलेलं विसरतो, म्हणून तर टिटवी इतकी वर्षं टिकली. माझा अंदाज सांगू? गुरं, पाकोळ्या, मेंढरं या वहीत बऱ्यापैकी पास होतील, कावळा नापास होईल, टिटवीवरून घरात भांडण होईल.

आणि यंदा एक खूण मात्र चुकवू नका, ती पैशाची आहे. वळवाचं किंवा मृगाचं पहिलं चांगलं पाणी झालं की त्याच संध्याकाळी, दिवस मावळला की लगेच, बांधावरच्या निंब, बाभूळ, बोरीखाली बॅटरी घेऊन जा. तांबूस-तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून पानांवर गोळा झालेले दिसतील, त्याच हुमणीच्या अळ्या पुढे तुमच्या भुईमुगाच्या, उसाच्या, मक्याच्या मुळ्या खाणार आहेत. पहाटे ते परत मातीत जातात आणि मादी अंडी घालते, वर्षाला पिढी एकच, म्हणून हे थोडे दिवस हातात आहेत. फांदी हलवायची, खाली कापड अंथरायचं, पडलेले गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, रॉकेल आता कुठे मिळतंय, साबणाचं घट्ट पाणी पण चालतं. एकट्याने केलं तर शेजारचे उडून येतात, म्हणून गल्लीतल्या पाच-दहा जणांनी मिळून लागोपाठ काही संध्याकाळी करा, पोरांना सोबत घ्या, त्यांना मजा येते. आजोबांना कोणत्या निंबावर जास्त बसतात ते नक्की माहीत असेल, त्या झाडापासून सुरू करा.